माळ्यावरचा डबा

प्रश्न: आजोबांचा माळा साफ करताना पत्र्याच्या डब्यात फिल्मचं रीळ सापडलं, डब्यावर गर्ल शाय असं लिहिलंय. फोटो स्टुडिओवाला बघून म्हणाला 16 एमएम रुंदीची फिल्म आहे. भंगारवाला किलोवर मागतोय, पोरगा म्हणतोय ऑनलाइन लाखात जाईल. आणि असले मुके लव्ह स्टोरीचे कॉमेडी पिक्चर लोक गोळा तरी कशाला करतात?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावा, पण लाखाचं पण डोक्यातून काढा. गर्ल शाय हा मुक्या पिक्चरांतला कॉमेडी हिरो हॅरॉल्ड लॉइड, त्याचा 1924चा पिक्चर, तो हरवलेला नाही, डीव्हीडीवर मिळतोय. भाव येतो तो दुसरी कॉपीच नसलेल्याला, आणि अमेरिकेतल्या मुक्या फीचर फिल्मांपैकी साधारण 70 टक्के गायबच आहेत की. म्हणून डब्यावरच्या नावावर जाऊ नका, डबे अदलाबदल होतात, हात धुऊन फिल्म कडेनं धरा, खिडकीशी नेऊन पहिले दोन-तीन हात भिंगातून बघा.

त्याआधी वास घ्या, चेष्टा नाही करत! चायनीजच्या गाड्यावर असतो तसा व्हिनेगरचा वास आला तर फिल्म कुजायला लागलीय, बाकीच्या रिळांपासून लांब, थंड कोरड्या जागी ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात माळा तर नकोच. जुन्या प्रोजेक्टरवर घालून बघायचा मोह टाळा, आकसलेल्या फिल्मची भोकं फाटतात. नशीब 16 एमएम आहे, कोडॅकनं 1923ला काढली तीच सेफ्टी फिल्मवर, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या, जुनी 35 एमएम नायट्रेट असती तर पेट घ्यायची भीती, मग सरळ पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला विचारा म्हटलो असतो.

आता गोळा कशाला करतात. यातला हिरो टेलरकडचा पोरगा, बोलताना अडखळतो, आणि ते अडखळणं मुक्या पिक्चरात आवाजाशिवाय दाखवलंय, नुसतं तोंड बघून कळतं! ट्रेनमध्ये पोरीनं गुपचूप आणलेलं स्वतःचं कुत्रं लपवायला त्याची जी धडपड चालते ती मी कितीदा बघितलीय मोजलेलं नाही. आमच्या घरात आई मराठी, बायको धारवाडची, तिची कन्नड आईला निम्मीच कळते. टीव्हीवर बाकी काय लावलं की मधे बसून मला सांगत बसायला लागतंय, हे लावलं की दोघी एकदमच हसतात आणि मी आपला कुंदा खात बसतो.