कान्व्हेंट म्हणजे केजी की ननचा मठ?

प्रश्न असा आलाय की दर्यापूर-अंजनगाव साईडला कान्व्हेंट म्हटलं की नर्सरी-केजी, "पोट्टं यंदा कान्व्हेंटात टाकलं" असं सर्रास बोलतात, पण डिक्शनरीत पाहावं तर ननचा मठ लिहिलेलं, मग गावचे लोक चुकतात का?

अजिबात नाही. मुळात लॅटिन कॉन्व्हेंटस, म्हणजे नुसतं एकत्र जमणं, त्यावरून एकत्र राहणाऱ्या व्रतस्थांचं घर आणि पुढे त्या घराला लागून असलेली शाळा. पण आधीच्या काळात या घराचं दार बाहेरच्यांना जवळपास बंदच असायचं, त्यामुळे तिथून शाळेचा अर्थ निघायला बराच इतिहास घडावा लागला आणि खरी मजा तिथंच आहे.

इटलीत ब्रेशा गावी अँजेला मेरिचीनं 1535 मध्ये 28 जणींना घेऊन उर्सुलाईन मंडळी सुरू केली, या बाया आपापल्या घरीच राहायच्या, मठ नाही की भिंत नाही. पण कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं 1563 मध्ये ननांनी भिंतीआडच राहायचं हा नियम कडक केला आणि पुढे फ्रान्समधल्या उर्सुलाईनही आत गेल्या, अर्थात आत राहूनही त्यांनी मुली शिकवणं सोडलं नाही. फ्रान्सिस द सेल्सनं (नागपूरचं एसएफएस कॉलेज याच्याच नावाचं बरं का) 1610 मध्ये अ‍ॅनसीला आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या बायांची संस्था काढली, तीपण काही वर्षांत भिंतीआड.

मग 1650 मध्ये फ्रान्सच्याच ल प्युई गावात मेदाय नावाच्या जेझुइट पाद्र्यानं आणि तिथल्या बिशपनं सहा बायांची सेंट जोसेफची मंडळी उभी केली. त्यात विधवा होत्या, साध्या घरच्या होत्या, अनाथ पोरींना सांभाळायच्या, लेस विणायला शिकवायच्या, आणि भिंत मात्र नाही! फ्रेंच क्रांतीत मंडळी पार उधळली, त्यातली मदर सेंट जॉन फोंबोन तुरुंगात होती, क्रांतीतला जहाल पुढारी रोबेस्पिएर सत्तेवरून पडला म्हणून गिलोटिनमधून, म्हणजे मुंडकं उडवण्याच्या शिक्षेतून वाचली आणि 1807 नंतर तिनंच सगळं परत उभं केलं. तिच्यापासून निघालेल्या शाखांपैकी अ‍ॅनसीच्या सिस्टर 1849 मध्ये आंध्र किनाऱ्यावर यानमला उतरल्या. नागपूरचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट याच परंपरेतलं.

आता राहायचं आणि शिकवायचं एकाच कंपाउंडात, म्हणून पालकांच्या तोंडी आधी कॉन्व्हेंट स्कूल आणि मग नुसतं कॉन्व्हेंट. आपल्याकडे इंग्रजी शाळा म्हणजे कान्व्हेंट हे एकदा पक्कं झाल्यावर तालुक्याच्या गावात ज्यानं दोन खोल्यांत केजी काढली त्यानं देवीचं नाव पुढं आणि कान्व्हेंट मागं लावलं, सिस्टर असो नसो. बोलीनं शब्द असा उचलला तर त्यात चूक काढणं मला तरी फालतूपणा वाटतो.

मठ म्हणायला मात्र माझा थोडा विरोध आहे, कारण इकडं मठ म्हटलं की रिद्धपूरचे महानुभाव मठच आधी आठवतात. सिस्टरांचं घर म्हणा, ते बरं.

आणि नन-सिस्टर एकच का? बोलण्यात चालतं, पण चर्चच्या कायद्यात नन म्हणजे भिंतीआडची, अन् शाळा-दवाखान्यात काम करणारी ती सिस्टर. पीएचसीतल्या नर्सला आपण सिस्टर म्हणतो तेही रुग्णसेवा करणाऱ्या या बायांवरूनच आलंय.