चुडा हिरवाच दिसला पाहिजे

प्रश्न : मी गेल्या वर्षापासून देवगड भागात लग्नाचे व्हिडिओ करतो. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरतो. नेटवरून सिनेमॅटिक प्रीसेटचे, म्हणजे एका टिचकीत रंग बदलणाऱ्या तयार सेटिंगचे, तीन-चार पॅक डाउनलोड केले. त्यांच्या नमुन्यात चित्र देखणं दिसतं, पण माझ्या फुटेजवर टाकलं की चेहरे लालबुंद, चिऱ्याच्या भिंती पेटल्यासारख्या आणि झाडं काळपट निळी होतात. ताई, आपल्याकडच्या लग्नांना चालेल असा एखादा प्रीसेट सुचवाल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला मालवणजवळचं एक लग्न आठवलं. मे महिन्याची अखेर, आभाळ भरून आलेलं, अंगणात मांडव. मी पूर्ण व्हिडिओवर टील-ऑरेंज (सावल्या निळसर हिरव्या, चेहरे नारिंगी करणारा) प्रीसेट टाकून दिला होता. नवरीच्या आईने टीव्हीवर तो पाहिला आणि कन्यादानाच्या प्रसंगी थांबवायला सांगितला. म्हणाली, ‘‘माझ्या चेडवाचो हिरवो चुडो खंय गेलो?’’ मी जवळ जाऊन पाहिलं. हातभर चुडा राखाडी-निळा झाला होता. सगळा व्हिडिओ मी पुन्हा रंगवून दिला. तेव्हापासून कुठलाही प्रीसेट मी आधी चुड्यावर तपासते.

प्रीसेटमधली ती क्यूब फाइल, जिला आपण लट म्हणतो, ती एक कोष्टक असते. अमुक लाल-हिरवा-निळा आत आला की तमुक बाहेर द्यायचा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ३३ पॉइंटच्या लटमध्ये अशा ३५,९३७ नोंदी असतात, मधले रंग सॉफ्टवेअर हिशेबाने भरतं. समोर चेहरा आहे की भिंत, हे त्या कोष्टकाला कळत नाही. आणि आपली अडचण नेमकी इथे आहे. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा रंग आणि आपल्या त्वचेचा रंग एकाच नारिंगी-तांबड्या घरातले. चेहरा उठावा म्हणून प्रीसेट नारिंगी वाढवतो, त्याबरोबर चिराही वाढतो. सावल्या तो निळसर हिरव्याकडे ढकलतो. मागे सिमेंटची भिंत किंवा डांबरी रस्ता असेल तर ते शोभतं. आपल्या मागे माड, पोफळी, आंब्याची कलमं. तो सगळा हिरवा रंग ओढला जातो, चुड्यासकट.

त्याआधी एक गोष्ट तपासा. तुमचे पॅक लॉग फुटेजसाठी तर नाहीत ना? लॉगमध्ये चित्र मुद्दाम फिकं, सपाट टिपलेलं असतं आणि त्याला उठाव देण्याचं काम लट करतो. एस-लॉग३ (सोनी कॅमेऱ्यांचा लॉग) साठीचा लट तुम्ही साध्या रेक.७०९ (टीव्हीवर दिसणाऱ्या नेहमीच्या रंगांच्या) फुटेजवर टाकलात तर आधीच उठाव असलेल्या चित्राला पुन्हा उठाव मिळतो. चेहरे लालबुंद होण्याचं मला हेच पहिलं कारण वाटतं. फाइलच्या नावात किंवा सोबतच्या माहितीत बहुतेक वेळा हे लिहिलेलं असतं.

आता क्रम. रिझॉल्व्हमध्ये रंगाचं काम नोडवर, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या टप्प्यांवर होतं. पहिल्या नोडवर फक्त एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसणं). वाडीतल्या सावलीत पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर हिरवट पडतो आणि मांडवाचं गुलाबी कापड वरून वेगळाच रंग ओततं. हे आधी निस्तरा. फुटेज लॉग असेल तर दुसऱ्या नोडवर रेक.७०९ मध्ये रूपांतर. प्रीसेट त्यानंतरच, तोही अर्ध्याहून कमी. त्या नोडचा परिणाम कमी-जास्त करणाऱ्या ‘की’ पॅलेटमध्ये ‘की आउटपुट’चा गेन १ असतो, तो ०.४ च्या आसपास आणा. (प्रीमिअर वापरणाऱ्यांनी ल्युमेट्रीच्या क्रिएटिव्ह भागातली इंटेन्सिटी १०० वरून ४० करावी.) मग ह्यू व्हर्सेस ह्यू कर्व्ह (एकच रंगछटा निवडून बदलणारी वक्ररेषा) उघडा, चुड्यावर टिचकी मारून तो रंग उचला आणि परत हिरव्यावर आणून ठेवा. सोबत झाडंही सुधारतात.

चेहऱ्यासाठी डोळ्यांवर विसंबू नका, रात्री दोन वाजता डोळे काहीही मान्य करतात. व्हेक्टरस्कोपमध्ये, म्हणजे चित्रातले रंग मोजून दाखवणाऱ्या गोल आलेखात, स्किन टोनची (त्वचेच्या रंगाची) रेघ चालू करा. गोरा असो की सावळा, नीट उजेडातला चेहरा त्या रेघेच्या आसपासच पडतो. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा. म्हणून सावळ्या नवरीला प्रीसेटने उजळ करू नका, मी हे अगदी कळकळीने सांगते. ती आहे तशीच सुंदर दिसते आणि तिच्या माणसांना तीच हवी असते. हळदीच्या क्लिपमध्ये मात्र नवरीचा चेहरा पिवळ्याकडे झुकणारच, तो रेघेवर ओढलात तर हळदच पुसली जाईल. तिथे शेजारी बसलेल्या, हळद न लागलेल्या करवलीचा चेहरा मापाला घ्या.

एवढं जमलं की तुमचा स्वतःचा प्रीसेट करा. मुहूर्ताआधी मांडवात, नवरी बसणार त्याच जागी ग्रे कार्ड (रंग मापायचं राखाडी कार्ड) धरून दहा सेकंद शूट करा. त्या क्लिपवरून व्हाइट बॅलन्स बसवा, मनासारखा रंग झाला की स्टिल (त्या रंगकामाची सेटिंगसकट प्रत) घेऊन पॉवरग्रेड या कायमच्या अल्बममध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या प्रोजेक्टमध्येही हाताशी राहील. भर उन्हातलं अंगण, वाडीतली सावली आणि रात्रीच्या एलईडीखालची वरात, अशा तीन ग्रेडवर (जपून ठेवलेल्या रंगकामांवर) माझं बरंचसं काम भागतं. दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर जनरेट लट करून क्यूब फाइल काढता येते, पण विंडो लावून, म्हणजे चित्राचा ठरावीक भाग आखून, केलेला बदल त्यात जात नाही, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : आमचं गुहागरला होमस्टे आहे. फोनवर काढलेल्या सूर्यास्ताच्या व्हिडिओला प्रीसेट लावला की आकाशात पट्टे दिसतात. फोन बदलावा का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : लगेच नको. ८-बिट व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आकाशात रंग फार हळूहळू बदलतो. भारी प्रीसेट त्या मोजक्या पायऱ्या ताणतो आणि मधली फट पट्टा होऊन दिसते. तुमच्या फोनमध्ये १०-बिटची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर शूट करतानाच एक्स्पोजर थोडं उतरवून आकाशाचा रंग टिपा, प्रीसेट २०-३० टक्क्यांवर ठेवा आणि आकाशावर किंचित ग्रेन (बारीक रवाळपणा) घाला. पट्टे बरेच विरतात.