‘यांना विचारा ना’ म्हणून बोट दाखवलं आणि मी गप्प बसले

प्रश्न : ताई, लालबागला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला पण मंडळ जुनंच आहे. यंदा गणपतीत एका संध्याकाळी ‘धर्म आणि स्त्रिया’ असं चर्चासत्र ठेवलेलं. सुरुवात बरी झाली, मग कुणीतरी तलाकचा विषय काढला आणि अर्ध्या तासात सगळं ‘हे लोक असेच’, ‘यांची लोकसंख्या बघा’ यावर आलं. दुसऱ्या मजल्यावरचे चाचा मागच्या रांगेत बसले होते, मूळचे कोकणातले, बसमध्ये कंडक्टर होते, आता रिटायर. त्या दिवशी खुर्च्या मांडायला सगळ्यात आधी तेच आले होते. एका पोराने माइक घेऊन त्यांच्याकडे बोट केलं, ‘यांना विचारा ना, बसलेत इथेच.’ काही जण हसले. चाचा काही न बोलता उठले, दाराशी चपलांचा ढीग होता त्यामुळे त्यांना त्यांच्या चपला पटकन सापडेनात आणि तेवढा वेळ सगळा हॉल नुसता बघत बसला, मीसुद्धा. मी देव मानत नाही, सगळ्याच धर्मांवर बोलते, म्हणून गोंधळ आहे. टीका करायचीच नाही का? आणि चाचांना आता काय बोलू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी त्या चपलांपाशीच अडकले, पुढचं वाचायला पुन्हा बसावं लागलं.

आधी टीकेचं सांगते. करा, अगदी कडक करा. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, म्हणजे चाचांच्या मुलखातलेच, त्यांनी १८ एप्रिल १९६६ला मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला, तोंडी तलाक बंद करा म्हणून, आणि १९७०मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्यापायी स्वतःच्या समाजाचा रोषही सोसला. किंवा आपल्या हाजी अलीचंच घ्या ना. मजारीपर्यंत जायला बायकांना बंदी झाली तेव्हा कोर्टात कोण गेलं, तर भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका, आणि ऑगस्ट २०१६ला मुंबई हायकोर्टाने बंदी उठवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना उघडला होता. तुमच्या चर्चासत्रात ही दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून बोलता आलं असतं, विषयच तो होता! तलाकवर एवढं बोलणाऱ्यांपैकी एकाने तरी तलाक मिळालेल्या एखाद्या बाईचं काय होतं ते सांगितलं का, २०१७ला सुप्रीम कोर्टाने एका दमात तीनदा तलाक म्हणायचा प्रकार रद्द केला आणि २०१९ला त्याविरुद्ध कायदा आला हे तरी कुणी म्हणालं का? मला नाही वाटत, कारण तोवर बायका विषयातून कधीच बाहेर गेल्या होत्या आणि नुसते ‘हे लोक’ उरले होते.

‘ही प्रथा चूक, अमक्या मौलवीचं म्हणणं चूक’ इथपर्यंत वाद आहे, त्यावर चाचाही तुमच्याशी भांडतील नाहीतर मान डोलावतील. पण चाचांनी कुणाला तलाक दिला नाही, फतवा काढला नाही, आयुष्यभर तिकिटं फाडली, त्यांनी जाब कसला द्यायचा? तुम्ही इतकी वर्षं गणपतीत बसताय, हुंडाबळीचा जाब कधी कुणी माइकवरून तुमच्याकडे बोट करून विचारलाय?

लोकसंख्येचं म्हणाल तर सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ला मुस्लिम बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती ती २०१९-२१ला २.४ च्या आसपास आली, हिंदूंमध्ये ३.३ ची १.९ झाली. म्हणजे दोन्हीकडे कमी झाली आणि मुस्लिमांत जास्त झपाट्याने. हे आकडे पाठच करून ठेवा, ओरडणारा माणूस आकडा ऐकला की जरा थबकतो.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. जानेवारी ९३ला मी नववीत होते, परळला राहायचो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका कुटुंबाने दारावरची नावाची पाटी काढली, पितळेची होती, तिच्या स्क्रूची चार भोकं दारावर तशीच राहिली आणि शाळेत जाता-येता ती दिसायची. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलीत ९०० माणसं गेली, त्यात ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे, आणि मग मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७. पण ‘हे लोक, हे लोक’ हे त्याच्या कितीतरी आधीपासून जिन्यात, नळावर, लोकलच्या डब्यात चालू होतं आणि आमच्या घरची मोठी माणसं ऐकून घ्यायची. ते कुटुंब उन्हाळ्यात मुंब्र्याला गेलं, दाराला मागून कुणीतरी नवीन रंग दिला.

म्हणून पुढच्या वेळी गप्प बसू नका. भाषण नको, उभं राहून त्या पोराचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, ‘माइक खाली ठेव, चाचा आपल्याकडे कार्यक्रमाला आलेत.’ तो तुमच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला असणार, तुमचं ऐकेल. आणि माइकवरून कुणी यांच्यावर बहिष्कार टाका, यांना मारा असं बोलायला लागला तर तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ बघा. द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवायचा असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ला सगळ्या राज्यांना सांगितलंय.

आता चाचांचं. फोनवर सॉरी नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच नको. घरी जा. ‘सगळे तसे नसतात हो’ असं मात्र म्हणू नका, मग तेच ‘जाऊ द्या ओ’ म्हणत तुमची समजूत काढत बसतील. ‘मी तिथे होते आणि गप्प बसले, माझं चुकलं’ एवढं बोला, चाचींनी चहा टाकला तर प्या. पुन्हा मंडळात या म्हणून आग्रह आत्ता करू नका. त्या पोराला त्यांच्या दारात माफी मागायला घेऊन जायचं काम मंडळाच्या सेक्रेटरींचं आहे आणि ते त्यांच्या मागे लागून तुम्हीच करून घ्या. माघी गणपतीच्या आधी झालं पाहिजे, म्हणजे खुर्च्या मांडायला यायचं की नाही ते चाचांना मोकळेपणाने ठरवता येईल.