दवाखान्याच्या पाटीवरचा डॉक्टर खरा आहे का, हे कसं तपासायचं? आणि काही बिघडलं तर तक्रार कुठे करायची?

तुम्ही लिहिलंय की घराजवळ नवा दवाखाना निघालाय, पाटीवर नावापुढे पाच-सहा पदव्या आहेत, आणि घरचे म्हणतात 'आधी चौकशी कर'. बरोबरच म्हणतात. मी डॉक्टर नाही. महाराष्ट्रातल्याच एका खाजगी रुग्णालयात नव्या डॉक्टर-नर्सची कागदपत्रं तपासायचं काम बरीच वर्षं करतोय, तेवढ्या जोरावर सांगतो.

पदव्या वाचत बसू नका, रजिस्ट्रेशन नंबर शोधा. एमबीबीएस डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे हा नंबर दवाखान्यात लावलेला असला पाहिजे. चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर आणि पैशाच्या पावतीवरसुद्धा. पदवी विद्यापीठ देतं, पण प्रॅक्टिस करायची मुभा कौन्सिलच्या, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, नोंदवहीत नाव चढल्यावरच मिळते.

आता कौन्सिल एकच नाही, तिथेच लोकांचा घोळ होतो. एमबीबीएस आणि त्यापुढचे सगळे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. बीएएमएस (आयुर्वेदाचे) आणि युनानीवाले महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. होमिओपॅथी, डेंटल, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, प्रत्येकाचा संसार वेगळा. म्हणून एका साइटवर नाव दिसलं नाही की लगेच सोसायटीच्या ग्रुपवर 'बोगस' म्हणून टाकू नका. मूळ पदवी कोणती ते बघा आणि त्या कौन्सिलच्या यादीत शोधा.

नंबर सापडला तरी मधलं नाव वाचा. आमच्याकडे रात्रपाळीच्या आरएमओसाठी (म्हणजे रुग्णालयात ड्यूटीवर हजर राहणाऱ्या डॉक्टरच्या जागेसाठी) एक जण आला होता. लॅमिनेट केलेलं चकचकीत सर्टिफिकेट, नंबर टाकला तर साइटवर नाव तेच, आडनाव तेच. मी फाइल पुढे सरकवणारच होतो, तेवढ्यात वडिलांच्या नावाकडे लक्ष गेलं. ते वेगळं होतं. मग नोंदणीचं वर्ष पाहिलं आणि आधार कार्डावरच्या जन्मतारखेशी ताडून बघितलं, तर हे गृहस्थ सतराव्या वर्षी डॉक्टर झालेले निघाले! विचारल्यावर म्हणाले, 'साइटवर चूक असेल.' मूळ प्रमाणपत्र घेऊन या म्हटलं, ते आजतागायत आलेले नाहीत.

रिन्युअलची तारीखही बघा. मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी त्या काळात ३० क्रेडिट पॉइंट (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांना हजेरीचे गुण) जमवावे लागतात. तारीख उलटलेला डॉक्टर लगेच भोंदू ठरत नाही. कामाच्या रगाड्यात विसरलेले भले भले सर्जन मी पाहिलेत (आणि आठवण करून दिल्यावर त्यांचा चढलेला आवाजही ऐकलाय).

नोंदणी एका पॅथीची आणि औषधं दुसऱ्या पॅथीची, हा खरा गुंता आहे. १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने तापाच्या पेशंटला ॲलोपॅथीची औषधं दिली होती. पेशंट दगावला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या पॅथीचं ज्ञान नाही ती वापरणारा भोंदूच, आणि ३ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. महाराष्ट्रात मात्र बीएएमएसवाल्यांना राज्याच्या कायद्याने त्यांच्या शिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधांची मुभा आहे. होमिओपॅथीसाठी २०१४ मध्ये कायदा बदलून एक वर्षाच्या कोर्सनंतर ती देण्यात आली, त्यावरून डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली. तेव्हा बीएएमएस डॉक्टरने अँटिबायोटिक लिहिलं एवढ्यावरून तक्रार करून हाती काही लागणार नाही.

तक्रारीचं म्हणाल तर लोक चुकीच्या दारात उभे राहतात. कौन्सिल फक्त आपल्या नोंदवहीतल्या माणसावर कारवाई करू शकतं: समज देणं, काही काळ निलंबन, नाव काढून टाकणं. ज्याची नोंदणीच नाही, त्याचं ते काय काढून घेणार? त्याच्यासाठी तालुका किंवा महापालिकेचा आरोग्य अधिकारी गाठा. बोगस डॉक्टर शोधायच्या समित्या त्यांच्याच पातळीवर असतात, आणि गुन्हा पोलिसांत दाखल होतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात अशा माणसाला एक वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पैशाची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. कौन्सिल एक रुपयाही देववत नाही.

मेडिकल कौन्सिलने तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावावा असं नियम सांगतो. त्या आकड्यावर विसंबून राहू नका. आणि एक गोष्ट मला कायम खटकते: कौन्सिलच्या निर्णयावर वर अपील करायचा हक्क २०१९ च्या कायद्याने डॉक्टरला दिलाय, पेशंटचा तिथे उल्लेखच नाही.

तक्रार करायची वेळ आलीच, तर सगळ्यात आधी केसपेपर मागा. लेखी अर्ज द्या, आपल्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. बाहेर तक्रारीची कुणकुण लागण्याआधी हे उरकलेलं बरं.