‘उतरंड’ कुठे लिहायची?

‘उतरंड’ वापरण्याआधी तिची रचना डोळ्यांपुढे आणा. तळाला रांजण, त्यावर घागर, मग मडकं, गाडगं, अगदी वर बोळकं. खालचा सगळा भार सोसतो आणि वरच्याला हलवल्याशिवाय सुटत नाही. म्हणूनच ‘जातींची उतरंड’ हा प्रयोग इतका नेमका बसतो. सुंदर शब्द आहे, तो कुठेही खर्चू नका.

नुसता वरचा-खालचा क्रम सांगायचा असेल तर ‘उतरंड’ नको. लासलगावच्या बाजारात कांदा आकार, रंग, सुकवण पाहून निवडतात आणि बारीक ‘गोल्टी’ वेगळी काढतात, ती प्रतवारी. गोल्टीवर कुणाचा भार नसतो! परीक्षेत अ, ब, क मिळतात ती श्रेणी. कचेरीत शिपाई, लिपिक, नायब तहसीलदार, तहसीलदार असा अधिकार चढत जातो, तिथे ‘पदश्रेणी’ किंवा ‘अधिकारक्रम’ लिहा. खालच्यांवरचा दाब दाखवायचा असेल तरच ‘उतरंड’.

शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘उतरंडीत’, ‘उतरंडीच्या तळाशी’. ‘उतरंडात’ चूक. क्रियापदं रचणे, लावणे, कोसळणे. ‘उतरण’ म्हणजे उतार. नवखे तिथे हमखास घसरतात.