पोलिसांच्या फायलीतला पणजोबा

प्रश्न : फ्रेंचांविरुद्ध लढलेल्या व्हिएतनामी क्रांतिकारकाच्या पतवंडाने पणजोबांवर माहितीपट करायचा, तर जुनी दृश्यं आणायची कुठून? तेव्हा कॅमेरा फ्रेंचांच्याच हातात होता. आमच्या फिल्म सोसायटीत यावर वाद झाला. असा चित्रपट पाहताना काय तपासावं?

उत्तर : शंका रास्त आहे. सिनेमाच्या आरंभकाळातल्या फ्रेंच ल्युमिएर कंपनीचा कॅमेरामन गाब्रिएल वेर याने १८९९-१९०० च्या सुमारास व्हिएतनाममध्ये टिपलेली एक फीत पाहा. तिथल्या फ्रेंच वसाहतीचे गव्हर्नर-जनरल पॉल दूमे यांची पत्नी आणि मुलगी मुलांच्या घोळक्यापुढे नाणी उधळताहेत, आणि मुलं ती वेचायला जमिनीवर तुटून पडताहेत. फीत जेमतेम ५० सेकंदांची. ती १९३० च्या बंडाच्या निवेदनामागे लावली, की ३० वर्षांचं अंतर पुसलं जातं, आणि लढणारा माणूस राज्यकर्त्यांच्या नजरेतून दिसू लागतो. वेगही तपासा. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण १६ फ्रेम असत. त्या २४ ने चालवल्या तर ५० सेकंदांचं दृश्य ३३ सेकंदांत संपतं आणि माणसं उगाच तुरुतुरु पळतात.

म्हणून आधी कागद, मग चित्र. १० फेब्रुवारी १९३० ला उत्तर व्हिएतनाममधल्या येन बायच्या फ्रेंच छावणीत व्हिएतनामी शिपायांनी बंड केलं. १७ जूनला बंडामागचे नेते न्गुयेन थाय होक यांच्यासह १३ जणांचा गिलोटिनने शिरच्छेद झाला. अशा लढ्यातल्या माणसाचा माग बहुधा ‘स्युरते’ या राजकीय पोलीस खात्याच्या फायलीत लागतो : फोटो, टोपणनावं, खबऱ्यांचे अहवाल. फ्रेंच निघाले तेव्हा राजकीय दप्तर फ्रान्सला गेलं, ते आज एक्स-आं-प्रोव्हान्सच्या अभिलेखागारात आहे. रोजच्या कारभाराचं दप्तर हनोईत राहिलं. दोन्हीकडे शोधावं लागतं.

घोळ होतो तो नावांत. न्गुयेन आडनावाची माणसं गल्लोगल्ली. त्यात फ्रेंच टंकलेखनात स्वरचिन्हं गळायची, त्यामुळे वेगळी नावंही सारखी दिसतात. गाव, प्रांत, जन्मसाल आणि टोपणनाव जुळल्याशिवाय ‘हेच आमचे पणजोबा’ म्हणू नये. घरची पुण्यतिथी आपल्या श्राद्धासारखी चांद्र पंचांगाने पाळतात. ती इंग्रजी तारखेत बदलूनच फायलीशी ताडावी. पोलिसांपुढची जबानी छळाखाली घेतलेली असू शकते, तेव्हा तिच्यातलं नाव दुसऱ्या पुराव्याशिवाय पडद्यावर येणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

विजयी व्हिएतनामींची दृश्यंही तपासून घ्या. फ्रेंच जिथे हरले त्या दिएन बिएन फूच्या बंकरवर झेंडा फडकतानाचं गाजलेलं दृश्य सोव्हिएत दिग्दर्शक रोमान कारमेन यांनी १९५४ च्या लढाईनंतर पुन्हा घडवून टिपलं. ते वापरायला हरकत नाही, पण तसं सांगायला हवं.

आमच्या मते, पणजोबांचं चित्र नसेल तिथे फायलीचं पानच पडद्यावर ठेवावं, वाचता येईल इतका वेळ. आणि प्रत्येक जुन्या दृश्याखाली साल, ठिकाण, कॅमेरा कोणाचा, या तिन्ही गोष्टी दिल्यात का, ते तुमच्या पुढच्या खेळाला जरूर पाहा.