टोकामॅकच्या आरएफ हीटिंग अँटेनाचं डिझाइन कुठून सुरू करायचं?

डायपोल आणि पॅच अँटेना शिकून झालेत, त्याच रीतीने टोकामॅकमधला (प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणारं संलयन-यंत्र) आयन सायक्लोट्रॉन हीटिंगचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात गोल फिरणाऱ्या आयनांना त्यांच्या फिरण्याच्या फ्रिक्वेन्सीशी जुळणाऱ्या रेडिओ लहरीने तापवणारा, अँटेना डिझाइन करता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. नाही येणार. गेन, बीमविड्थ सगळं बाजूला ठेवा. हा अँटेना काही सेंटिमीटरवरच्या प्लाझ्माशी निकट क्षेत्रातूनच जोडला जातो.

फ्रिक्वेन्सी चुंबकीय क्षेत्र ठरवतं. हायड्रोजनला दर टेस्लाला सुमारे 15.2 मेगाहर्ट्‌झ, ड्युटेरियमला निम्मी, ट्रिटियमला एक तृतीयांश. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या 5.3 टेस्लाला ट्रिटियमचा दुसरा हार्मोनिक 54 च्या आसपास येतो, म्हणून तिथला पट्टा 40 ते 55 मेगाहर्ट्‌झ. तरंगलांबी सुमारे साडेपाच मीटर किंवा त्याहून जास्त आणि पोर्ट (अँटेना बसवायची यंत्राच्या भिंतीतली खिडकी) जेमतेम दोनेक मीटरचा. त्यामुळे रेडिएटर म्हणजे एक टोक ग्राउंड केलेली आखूड धातूची पट्टी, म्हणजेच स्ट्रॅप.

खरी अडचण पुढे आहे. प्लाझ्माच्या कडेला घनता कमी असते आणि कटऑफ घनता, म्हणजे लहर पुढे जाऊ लागते ती किमान घनता, येईपर्यंत लहर विझत जाते. जोडणी साधारण e च्या उणे (2 × समांतर तरंगसंख्या × अंतर) या घाताने घटते; समांतर म्हणजे चुंबकीय रेषांच्या दिशेतली. अंतर 10 सेंमी धरा: तरंगसंख्या दर मीटरला 4 असेल तर 45 टक्के उरतं, 8 असेल तर 20 टक्के. वर तरंगसंख्या वाढली की कटऑफही आत सरकतो. शेजारच्या स्ट्रॅपना उलट फेज दिला की तरंगसंख्या वाढते, तापवणं चांगलं होतं, पण जोडणी ढासळते, ती यामुळे.

म्हणून पहिला हिशोब जोडणी-रोधाचा, म्हणजे प्लाझ्मात जाणाऱ्या शक्तीमुळे लाइनला जाणवणाऱ्या रोधाचा. लाइन 30 ओहमची, व्होल्टेजची मर्यादा 30 किलोव्होल्ट, तर शिखर प्रवाह 1000 अँपिअर. रोध 2 ओहम असेल तर ½ × 2 × 1000² म्हणजे 1 मेगावॅट जाईल. रोध 1 झाला की अर्धाच. स्ट्रॅपपासून पहिल्या मॅचिंग घटकापर्यंत (अँटेनाचा भार लाइनशी जुळवणारा भाग) ही मोठी स्थायी लहर उभी असते, तो तुकडा जमेल तितका आखूड ठेवा. आणि डिझाइन सर्वात वाईट प्लाझ्मासाठी करा, सरासरीसाठी नको.

फॅराडे स्क्रीनच्या, म्हणजे स्ट्रॅपसमोरच्या धातूच्या जाळीच्या, दांड्या चुंबकीय रेषांना समांतर केल्या की झालं, असं बरेच जण धरून चालतात. दांड्या स्ट्रॅपचं समांतर विद्युतक्षेत्र अडवतात हे खरं, पण अँटेनाच्या चौकटीत उमटणारे प्रतिबिंब-प्रवाहही तसलंच क्षेत्र निर्माण करतात. त्यातून कडेला शीथचं (धातू आणि प्लाझ्मा यांमधल्या पातळ थराचं) व्होल्टेज चढतं, आयन वेगाने आदळतात आणि भिंतीवरचं टंगस्टन प्लाझ्मात उडतं. जर्मनीतल्या गार्चिंगच्या अॅस्डेक्स अपग्रेड या टोकामॅकवर यासाठी तीन स्ट्रॅपचा अँटेना बसवला: मधला बाहेरच्या दोघांच्या उलट फेजवर, आणि शक्तीची वाटणी अशी की चौकटीवरचे प्रवाह एकमेकांना मारतील. स्क्रीनवर घालवाल त्याहून जास्त वेळ या वाटणीवर घाला.

ईएलएम, म्हणजे प्लाझ्माच्या कडेचा अचानक होणारा उद्रेक, आला की रोध क्षणात उसळतो, मॅचिंग बिघडतं, परावर्तित शक्ती जनरेटरकडे परतते आणि तो ट्रिप होतो. मॅचिंग साधणारे स्टब (लांबी बदलता येणारे लाइनचे तुकडे) इतक्या वेगाने हलत नाहीत. 3 डीबी हायब्रिड (शक्ती दोन समान भागांत वाटणारा जोड) लावला तर दोन सारख्या भारांवरून परतलेली शक्ती डमी लोडमध्ये जाते. दुसरा मार्ग कॉन्ज्युगेट-टी: दोन स्ट्रॅप एका टी-जोडावर असे जोडायचे की त्यांचे रिअॅक्टन्स एकमेकांच्या उलट राहतील. 

मात्र जी व्यवस्था ईएलएम पचवते ती आर्कही (धातूंमधली विद्युत ठिणगी) लपवू शकते. विशेषतः टी-जोडाजवळ, जिथे व्होल्टेज कमी असतं, तिथे आर्क लागला तरी परावर्तन फारसं बदलत नाही आणि धातू वितळत राहतो. ब्रिटनमधल्या जेट या टोकामॅकच्या इटर-सदृश अँटेनावर म्हणूनच स्कॅटरिंग मॅट्रिक्सवरून (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरींमधल्या नात्यावरून) आर्क ओळखणारी यंत्रणा होती. व्होल्टेज आणि प्रवाहाचे प्रोब कुठे बसतील हे यांत्रिक आराखड्याच्या पहिल्या फेरीतच ठरवा; नंतर त्यांना जागा मिळत नाही.